मक्याच्या मुलखातली नारळी पौर्णिमा

अमेरिकेतल्या कॉलेजात मला प्रवेश मिळाला आणि फीसुद्धा माफ झाली, ही बातमी सातपाटी गावभर व्हायला फारसा वेळ लागला नाही, कारण घरात ती सगळ्यांत आधी आईला कळली. आई पालघरच्या बाजारात मासळी विकते. तिचा आवाज बाजाराच्या एका टोकाला लागला की दुसऱ्या टोकाला मांजरं उठून बसतात. संध्याकाळपर्यंत तिने ती बातमी शेजारच्या पाटीवाल्यांना, बर्फवाल्याला, रिक्षावाल्याला आणि पापलेटाचा भाव पाडून मागणाऱ्या एका बाईला सांगून टाकली होती. त्या बाईला तिने तो भाव दिलासुद्धा. आई किती खुशीत होती ते यावरून कळावं.

बाबा तांडेल आहेत, म्हणजे आमच्या बोटीचे कप्तान. ते बोलतात कमी. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणाले, "पोर दर्यापार चालली." मी मागून चालत होते आणि माझा ऊर भरून आला होता. आपल्याइतकी भाग्यवान मुलगी पालघर जिल्ह्यात दुसरी नाही, अशी माझी त्या घटकेला पक्की खात्री होती.

माशी शिंकली ती पावसाळ्यात. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या आणि बाबा ओटीवर बसून जाळं सांधत होते. जाळ्यातून नजर न काढता त्यांनी विचारलं, "जायचं कदी?"

"ऑगस्टच्या मध्यावर. बाहेरदेशच्या मुलांना आधी बोलावतात, सगळं दाखवायला."

ते उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन उभे राहिले. त्या वर्षी अधिक महिना आलेला, त्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या पार टोकाला गेली होती. बाबा परत येऊन बसले, सुई उचलली आणि म्हणाले, "पौर्निमेआदी आपल्या घरातलं कोनी दर्या ओलांडत नाय."

मासेमारीची सरकारी बंदी जुलैअखेर उठते. हल्ली कितीतरी बोटी त्यानंतर लगेच निघतात. आमची निघत नाही. दर्याला नारळ देऊन त्याचा राग शांत केल्याशिवाय बाबा बोटीला हात लावत नाहीत, मग बंदरावर लोक कितीही टवाळी करोत. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. फक्त तो नियम मलाही लागू होईल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"बाबा, मी बोटीने नाही, विमानाने जाते."

"इमानाखाली काय हाय?"

"दर्या."

"मंग?"

मी मामाला फोन लावला.

मदतीला मामा धावला. मामा बेटेगावला राहतो आणि बोईसरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दिवसभर कामगारांशी हिंदीत वाद घालून घालून त्याचं वकिलाचं डोकं झालंय. तो रविवारी मोबाइलमध्ये नकाशा उघडून आला. "दाजी, बघा. दिल्लीवरनं विमान पकडायचं. ते जातं उत्तर ध्रुवावरनं. खाली दर्या नायच. नुसता बरफ!"

बाबांनी नकाशा लांब धरून पाहिला. बाबांचा सगळा जन्म मासळीवर बर्फ टाकण्यात गेला आहे. ते म्हणाले, "बरफ वितळला की काय व्हतं?"

"पानी."

"गोडं का खारं?"

मामाच्या कारखान्यात असले प्रश्न कोणी विचारत नसावेत. त्याने मोबाइल खिशात घातला. आतून आई ओरडली, "अवो, तो वितळंस्तवर पोर पोचंल की तिकडं!" मी आणि मामा पोट धरून हसलो. बाबांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण माणूस जागचा हलला नाही.

शेवटी मी कॉलेजला मेल लिहिली. परदेशी मुलांचं बघणारी तिथे एक बाई होती. तिला मी कळवलं की आम्ही कोळी लोक पौर्णिमेला समुद्राला नारळ देतो आणि त्याआधी समुद्र ओलांडत नाही, तर मला थोडं उशिरा आलेलं चालेल का? इंग्रजीत ते वाचून माझाच माझ्यावर विश्वास बसेना. डोळे मिटूनच बटण दाबलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. आधीचे दिवस बुडव, ते मी सांभाळून घेते, पण वर्ग सुरू होतील त्या दिवशी तुला इथे असावंच लागेल, त्यापुढे माझ्या हातात काही नाही, असं तिने लिहिलं होतं. शेवटी विचारलं होतं, नारळ कसला असतो, हिरवा की तपकिरी? मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

पण वर्ग सुरू होत होते पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढे कित्येक दिवस त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. व्हिसा झाला, बोईसरच्या बाजारातून दोन बॅगा आणल्या, आईने त्यात मसाला कोंबला, तरीही नाही. मला राग येई. मी जाणार होतेच, मला कोणी दोरीने बांधून ठेवलं नव्हतं. पण आमच्याकडे घरातून निघताना "येते" म्हणायचं आणि थोरल्याने "ये" म्हणायचं, मगच पाऊल उचलायचं. बाबांचं ते "ये" घेतल्याशिवाय मला उंबरा ओलांडायचा नव्हता. तेवढ्या एका शब्दासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

आई म्हणाली, "त्यांना राग नाय ग. भ्या वाटतंय. बोटीवरची पोरं कशी डोल्यांसमोर असतात. तू कुठं दिसनार?"

जायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी मला बंदरावर बोलावलं. जाळ्याची एक कड माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः धरली आणि झटकता झटकता विचारलं, "तिथं पानी हाय का?"

कॉलेज होतं अमेरिकेच्या मधोमध. चहूकडे मका. दर्या म्हणाल तर कुठल्याही दिशेला विमानानेच जावं लागेल. "कॉलेजच्या मागे नदी आहे," मी म्हटलं.

"ती जाते कुठं?"

मी मोबाइलवर दाखवलं. नदी मोठ्या नदीला मिळते, मोठी नदी खाली खाली उतरत आखाताला आणि आखात महासागराला. बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ती वाट सावकाश पार केली. मग महासागरातून आफ्रिकेला वळसा घालून त्यांचं बोट इकडे आलं, थेट सातपाटीला लागलं.

"पानी येकच हाय," ते म्हणाले. "तू जा. पन पौर्निमेला तुजा नारळ तुजा तू द्यायचा, त्या नदीत. तू दिल्याबिगर मी देनार नाय, आन बोट बी हलायची नाय."

विमानतळावर मी वाकून नमस्कार केला आणि "येते" म्हटलं. बाबांनी डोक्यावर हात ठेवला. "'ये' म्हनीन नारळ दिल्यावर," एवढंच म्हणाले. आई मात्र दहा वेळा "ये" म्हणाली, त्यातलं निम्मं रडण्यात गेलं.

तिथे पोचल्यावर मुलं वर्ग शोधत होती, पुस्तकं शोधत होती. मी नारळ शोधत होते. सापडला एका मोठ्या दुकानात, सफरचंदांच्या शेजारी, पण बघून माझं अवसानच गळालं. गुळगुळीत तासलेला, वर स्टिकर आणि शेंडी साफ गायब. शेंडीशिवायचा नारळ दर्याला कसा द्यायचा? माझ्या खोलीत राहणारी मुलगी मक्याच्या शेतकऱ्याची. तिला मी हातवारे करून शेंडी म्हणजे काय ते सांगितलं. तिला विणायचा नाद होता. तिने तपकिरी लोकरीचा झुबका केला आणि डिंकाने असा चिकटवला की आमच्या आळीतल्या बायकांनीही नाव ठेवलं नसतं. मेलवाली बाई नारळाला गुंडाळायला नाताळातला उरलेला सोनेरी कागद घेऊन आली. "मी पण येणार," म्हणाली. तिने आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला होता.

पौर्णिमेच्या दिवशी आमची सकाळ होती आणि सातपाटीत संध्याकाळ. नदीकाठच्या दवात आम्ही तिघी उभ्या राहिलो आणि फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता, नटूनथटून आलेल्या बायका नाचत होत्या आणि फोन आईच्या हातात असल्यामुळे मला निम्मा वेळ तिचा अंगठा दिसत होता. मग बाबा दिसले. पांढरं धोतर, लाल टोपी, हातात त्यांचा सोनेरी नारळ. बाकीच्यांचे देऊन झाले होते. ते थांबले होते.

"दे," बाबा म्हणाले.

मी हात जोडले. बाबांना, बोटीला सुखरूप ठेव म्हटलं. नारळ पाण्यात सोडला. तो बुडाला, वर आला आणि डुलत निघाला. लोकरीची शेंडीही टिकली. मेलवाल्या बाईने टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात पुलाखालून एक लांबलचक, निमुळती होडी सपासप आली. कॉलेजच्या मुली सरावाला निघाल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीने नारळ पाहिला, वल्ही थांबली, तिने हात लांब करून तो अलगद उचलला. होडी काठाला आली. "तुमचं काहीतरी पाण्यात पडलं होतं," असं म्हणत त्या घामाघूम मुलीने हसतमुखाने नारळ माझ्या हातात परत दिला.

दर्याला दिलेला मान परत आला, तोही बाबांच्या डोळ्यांदेखत! फोनमध्ये बँडसुद्धा थांबल्यासारखा वाटला. मी घाबरत पडद्याकडे पाहिलं.

बाबा पडद्याला नाक लावून होडी बघत होते. "त्या पोरी उलट्या का बसल्यात? फुडचं दिसतं कसं?"

"मागे एकटी बसलीये ना, तिला दिसतं. ती ओरडून सांगते."

"आसं. ती तांडेल हाय."

आणि मग बाबा हसले. आयुष्यात मी त्यांना इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी आईच्या हातातला फोन घेतला आणि खाडीकडे फिरवला. पाण्यात आमच्या आळीतली पोरं कंबरेपर्यंत, गळ्यापर्यंत उभी होती. गावाने दिलेले नारळ सुळकांड्या मारून काढत होती आणि एकमेकांच्या हातातून पळवत होती. दरवर्षी हेच होतं. लहानपणी मीही काढलेत.

"बग," बाबा म्हणाले. "दिला तो दर्याला पोचला. मंग पोरं काडतात. हितं बी, तितं बी. मी म्हनत व्हतो, पोर कुटं परक्या गावात जाऊन पडली."

माझे डोळे भरून आले आणि मला तितकंच हसूही येत होतं. होडीतल्या मुली अजून तिथेच होत्या, आपलं काय चुकलं ते न कळून. मी त्यांना थांबा म्हटलं. नारळ काठावरच्या दगडावर फोडला आणि सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. त्यांच्या तांडेलने दुसरा मागून घेतला.

मला वर्गाला उशीर होत होता. मी फोनकडे पाहून म्हटलं, "बाबा, येते."

"ये," बाबा म्हणाले, आणि त्यांचा नारळ त्यांनी पाण्यात सोडला.