समोरच्या घरातल्या राणीसाहेब

अमेरिकेतल्या डब्लिनला आमच्या समोरच्या घरात राहणारा माणूस आपल्या आईला 'आपण' म्हणतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, तो गंमत करतोय. माझ्यासारखाच आयटीतला, शनिवारी स्वतः लॉन कापणारा साधा माणूस. "आईसाहेब, आपण आत बसावं, बाहेर गार आहे," असं तो ड्राइव्हवेत उभा राहून म्हणत होता. आईसाहेब जाड जॅकेटात गुरफटलेल्या होत्या आणि कोपऱ्यावर थांबलेल्या डिलिव्हरी व्हॅनकडे एकटक बघत होत्या.

"ती गाडी कालही इथंच होती," त्या म्हणाल्या.

मुलगा आणि सून दिवसभर ऑफिसात, मी मात्र घरून काम करणारी. "दुपारी जरा डोकावाल का?" असं त्यानं विचारलं आणि मी जाऊ लागले. पहिल्या दिवशी मी चहा केला. आईसाहेबांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. मी दोन घोट घेतल्यावर त्यांनी सुरुवात केली. मला वाटलं, गरम असेल. पुढचे सगळे दिवस तसंच झालं. मंडळाच्या गणपतीला चला म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "कुठल्या कुठल्या गावचे लोक येतात?" पुण्याचे, मुंबईचे, आमच्या नागपूरचे, असं मी सांगत गेले. त्या म्हणाल्या, "मग नको. कोणीतरी ओळखेल."

त्या हिवाळ्यात त्यांनी तुकड्यातुकड्यानं आपली हकिगत सांगितली. वडील एका लहानशा संस्थानी गावातल्या मिशन हॉस्पिटलात डॉक्टर. घर ख्रिस्ती. थोरले राजे, म्हणजे ज्यांना त्या 'सरकार' म्हणत, मोटारसायकलवरून पडून पाय मोडून तिथं आले आणि बरे झाल्यावरही येत राहिले. लग्न पुण्यात, रजिस्टर. वडिलांनी दार बंद केलं. सासरी सासूबाईंनी विधी करून घेतले, तांदळात नवं नाव लिहिलं, पण देवीच्या गाभाऱ्याचा उंबरा काही ओलांडू दिला नाही.

"सासरच्यांना मी बाटगी आणि बाबांना मी धर्म सोडलेली," त्या म्हणाल्या. "राणी म्हणून मिरवायला दोन्हीकडे जागा नव्हती."

तोवर राज्य केव्हाच विलीन झालं होतं, तनखाही बंद झाला होता. उरला होता देवीचा मान. नवरात्रात अष्टमीची पहिली आरती गादीवरच्या पुरुषानं करायची. आरती ज्याच्या हातात, त्याला गाव राजा म्हणणार. धाकट्या दिरांना तो मान हवा होता, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मुलगा लहान असताना, दसऱ्यानंतर एका संध्याकाळी सरकारांनी दूध घेतलं आणि पहाटे ते गेले. हृदय बंद पडलं असं सगळे म्हणाले. दूध कोणी आणलं होतं, हे त्या विचारत राहिल्या. कोणी सांगेना. शेवटी त्यांनी वडिलांना निरोप धाडला. इतक्या वर्षांत ते तेव्हाच पहिल्यांदा त्या घरात आले.

"बाबांनी सरकारांच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. नखं पाहिली. माझ्याकडे बघितलं आणि निघाले."

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. 'तुझा मुलगा सांभाळ' एवढंच म्हणाले. याचा अर्थ तुम्ही काय लावाल?"

पुढच्या अष्टमीला आरती दिरांनी केली. चर्चवालीच्या पोराचा हात देवीला लागायचा नाही, असं त्यांनी सभामंडपात सांगितलं. आईसाहेब मुलाला घेऊन पुण्यात आल्या, त्याच्यासाठी दोन्ही वेळा स्वतः रांधलं आणि शिकून होताच त्याला अमेरिकेला पाठवून दिलं.

खरं सांगायचं तर माझा यावर पुरता विश्वास नव्हता. एकटं पडलेलं म्हातारं माणूस काय काय रचेल. त्या संस्थानाचं नाव मी शोधून पाहिलं, तर दोन ओळींपलीकडे काही सापडलं नाही. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "आईसाहेबांचं तसं असतं." हा होकार की नकार, तेही कळलं नाही.

उन्हाळ्यात एक दिवस त्या स्वतः रस्ता ओलांडून माझ्या दारात आल्या. याआधी कधी आल्या नव्हत्या.

"धाकट्या पातीचे पुतणे, दिरांचे चिरंजीव, येताहेत. इकडेच शॉमबर्गला लग्न आहे म्हणे, तिथून ड्राइव्ह करून. इथला पत्ता त्यांना कोणी दिला?"

"मला कसं माहीत असणार?"

"तुम्ही कोणाशी बोललात?"

मी कोणाशीच बोलले नव्हते. तरी त्यांच्या नजरेसमोर मी आठवू लागले, नागपूरला फोनवर आईशी काय काय बोलले, ऑफिसात लंचला काय बोलले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "बरं. शनिवारी तुम्ही येऊन बसा. माझ्या बाजूचं कोणीतरी हवं." माझ्यावर विश्वास बसला म्हणून बोलावलं, की मी डोळ्यांसमोर राहावी म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

पुतणे म्हणजे एकच गृहस्थ, पन्नाशीचे, पोलो टी-शर्ट, पायात स्नीकर्स. बूट दारात काढून ते आत आले आणि सोफ्यासमोरच्या कार्पेटवर त्यांनी वाकून तीनदा मुजरा केला. "काकीसाहेब," म्हणाले. तेव्हा मला पटलं की निदान एवढं तरी खरं आहे.

देवीचा प्रसाद म्हणून त्यांनी पेढे आणले होते. डबा उघडून, कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी एक पेढा मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा पुढे केला. "आधी मी खाल्लाय, काकीसाहेब."

"कुठला अर्धा तुम्ही ठेवून घेतलात, तेही मी बघितलं," आईसाहेब म्हणाल्या. हात पुढे केला नाही. पुतण्यांनी तो अर्धा पेढा डब्यात परत ठेवला. त्यांना राग आला नाही. त्यांच्याही घरात अशीच रीत असावी, असं मला वाटून गेलं.

मग ते मुद्द्यावर आले. त्यांचे वडील वारले होते. आता आरती त्यांच्याकडे यायची, पण पुजारी कुरबुर करत होते. थोरल्या पातीचा वारस जिवंत असताना धाकट्यांनी ताट कसं धरायचं, असं गावात बोललं जात होतं. तेव्हा दादांनी, म्हणजे आईसाहेबांच्या मुलानं, येत्या अष्टमीला यावं आणि आपण मान सोडतोय असं सगळ्यांसमोर सांगावं.

"जाऊ या ना, आईसाहेब," मुलगा म्हणाला. "मला कुठे पाहिजे ते. दोन वाक्यं बोलायची, विषय क्लोज."

"ज्या गाभाऱ्यात तुम्हाला घेतलं नाही, तिथं जाऊन आता 'मला नको' म्हणायचं?"

आईसाहेब पुतण्यांकडे वळल्या. मग म्हणाल्या, "सोडायचं तर ते आधी यांचं होतं, हे तुम्हाला मान्य आहे."

"आहे," पुतणे म्हणाले.

"मग आधी आरती हे करतील. मग स्वतःच्या हातानं ताट तुम्हाला देतील. चालेल?"

"चालेल."

ते गेल्यावर आईसाहेब मला म्हणाल्या, "फार लवकर हो म्हणाले. काहीतरी आहे." पेढ्यांचा डबा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गार्बेज कॅनमध्ये टाकायला लावला.

तरी अष्टमीला त्या मुलाला घेऊन गावी गेल्या. पुढचं मला मुलानं सांगितलं. गाभाऱ्यात त्याला आत घेतलं, सोवळं नेसवलं, पुतण्यांच्या शेजारी उभं केलं. घंटा सुरू झाली आणि पुजाऱ्यानं पेटलेलं ताट सरळ पुतण्यांच्या हातात दिलं. पुतण्यांनी मान खाली घातली आणि ओवाळायला सुरुवात केली. मुलगा सांगत होता, "मला वाटलं, जाऊ दे, काय फरक पडतो."

आईसाहेब उंबऱ्याबाहेर बायकांत उभ्या होत्या. त्या आत आल्या. ज्या उंबऱ्यावर त्यांना कायम अडवलं होतं, तो ओलांडताना कोणाला अडवायचं सुचलंच नाही. त्यांनी पुतण्यांच्या हातातून ताट घेतलं, मुलाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "करा." त्यानं आरती केली. शेवटच्या कडव्यानंतर त्यांनीच त्याच्याकडून ताट घेऊन पुतण्यांना दिलं. "आता तुमचं," म्हणाल्या.

आईसाहेबांनी मात्र मला यातलं काहीच सांगितलं नाही. परत आल्यावर त्या बोलल्या ते त्यांच्या जावेबद्दल, दिरांच्या बायकोबद्दल. ती अंथरुणाला खिळलेली होती. तिनं यांना बोलावून घेतलं, हात धरला आणि न विचारताच म्हणाली, "दूध मी नेलं होतं. पण त्यात काही नव्हतं, बाई. भाऊजींना आधीपासूनच छातीचा त्रास होता, तुमच्यापासून लपवायचे."

"मग आता तरी मनातून गेलं?" मी विचारलं.

आईसाहेबांनी खिडकीचा पडदा थोडा बाजूला केला, रस्ता पाहिला आणि पुन्हा नीट लावला.

"हात थरथरत होता तिचा," त्या म्हणाल्या. "म्हातारपणानंही असेल. पण मी विचारलं नव्हतं, तर तिनं सांगितलं कशाला?"