मोगऱ्याभोवतीची कण्हेर

देऊळघाटला आमच्या घरामागे आईची फुलझाडं होती. मोगरा, जास्वंद, शेवंती आणि एक गावठी गुलाब. कोणाशेजारी कोण नांदतं, हे ती बघून बघून शिकली होती. शेवंतीला कीड लागू नये म्हणून मध्ये झेंडू, गुलाबाच्या बुडाशी लसूण. उपाय नव्हता तो फक्त बकऱ्यांवर. गल्लीतल्या बकऱ्या कुंपणातून शिरायच्या आणि मोगरा खुडून जायच्या. म्हणून आईने बाहेरच्या अंगाने कण्हेर लावली, कारण तिला जनावर तोंड लावत नाही. दोन वर्षांत कण्हेर माझ्या डोक्यावर गेली, आणि मोगरा पहिल्यांदा पोटभर फुलला.

जनावर तोंड का लावत नाही, ते आम्हाला त्या उन्हाळ्यात कळलं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. धाकटा भाऊ तीन वर्षांचा. बाबा शेतात होते. आई गुलाबाला आळं करत होती आणि मी विहिरीवरून पाणी आणत होते. घागर टेकवली तेव्हा भाऊ कण्हेरीखाली बसला होता. हातात एक पान, अर्धं चावलेलं. ओठांवर पांढरा चीक.

"आई, यानं पान खाल्लं."

आईच्या हातातलं खुरपं पडलं. तिने त्याच्या तोंडात बोट घालून चोथा काढला. "किती खाल्लं रे? मले सांग. एक का दोन?" त्याला मोजता कुठे येत होतं. तो नुसता हसला. त्या हसण्याने मला जास्त भीती वाटली.

शेजारी रंगाऱ्याचं घर होतं. तिथल्या चाची भिंतीवरून डोकावल्या आणि तशाच धावत आल्या. "बाई, घाबरू नको. जहर आहे ते, मिठाचं पानी आन आधी." त्याला पाजलं, तो ओकला. परत पाजलं. चाचींचा मुलगा बैलांची दमणी जुंपायला पळाला.

बुलढाण्याचा रस्ता एरवी मला आवडायचा. त्या दिवशी तो संपतच नव्हता. भाऊ आईच्या मांडीवर मलूल पडला होता. आईने त्याच्या छातीवर तळवा ठेवला होता आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. कान दिला तर ती ठोके मोजत होती. मध्येच थांबायची, चेहरा पांढरा पडायचा, मग पुन्हा सुरू.

"काऊन थांबली?" मी विचारलं.

"ते थांबतं," ती म्हणाली.

मी तोंड पुढे वळवलं. बैलांच्या शेपट्यांकडे बघत बसले. वळून पाहिलं तर तो मरेल, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी धरली, पोट पुन्हा धुतलं. "आता वाट पाहायची," एवढंच म्हणाले. बाबा संध्याकाळी पोचले. ते आईला काही बोलले नाहीत. आईला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं, असं तिने मला कितीतरी वर्षांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने भाकर मागितली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि समाधानाने मान डोलावली. आई तेव्हा रडली, आदल्या दिवशी एकदाही रडली नव्हती.

घरी आल्याबरोबर तिने कुऱ्हाड घेतली. कण्हेर बुडापासून तोडून ढीग केला आणि काडी ओढणार, तेवढ्यात चाचींनी हात धरला. "जाळू नको. हिचा धूरही वाईट." मग बाबांनी मुळंही खणून काढली आणि परसात खड्डा करून सगळं पुरलं. आईने स्वतः माती लोटली.

बकऱ्या आठवड्याच्या आत परत आल्या. मोगरा बुडापर्यंत गेला. पावसाळ्यात चाचींनी त्यांच्या दाराजवळच्या मेंदीच्या काड्या आणल्या आणि दोघींनी कण्हेरीच्या जागी ओळीने लावल्या. मेंदी दाट व्हायला बराच काळ लागला. तोवर आई भावाच्या कमरेला लुगड्याचा काठ बांधायची, दुसरं टोक आपल्या मनगटाला, आणि तशीच शेवंतीत बसून तण निंदायची.