नवमीला मांडलेली डिक्शनरी

माझ्या पायांना स्वस्थ राहणं जमत नाही. जेवताना मांडी हलते, खुर्चीत टाच नाचते, बोलता बोलता मी उठून फेऱ्या मारायला लागतो. घरातली मुलं म्हणतात, ह्यांच्या पायात इंजिन आहे. ते इंजिन कधी सुरू झालं ते मला नक्की ठाऊक आहे. लढाई सुरू व्हायच्या आधीच्या एका दसऱ्याला, आमगावात. आणि त्यात कोळसा घातला तो एका इंग्रजी डिक्शनरीनं.

मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. म्हणजे लोक तसं म्हणत; बसलो तर मी कुठेच नव्हतो. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेती दादा बघायचा, दादाला माय बघायची आणि मी धानाच्या बांधावरून इंग्रजी शब्द घोकत हिंडायचो. रेल्वेत बाबूंच्या जागा निघाल्या आहेत, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोंदियाला गोरा साहेब तोंडी परीक्षा घेणार आहे, ही खबर मला ठेसनावरच्या छोट्या बाबूनं, म्हणजे दुय्यम स्टेशनमास्तरनं, दिली होती. हा बाबू छत्तीसगडकडचा, हिंदी बोलणारा, एकटा राहणारा. मी रोज ठेसनावर जाऊन त्याचं डोकं खायचो. शेवटी त्यानं आपली जाडजूड डिक्शनरी माझ्या हातात दिली आणि डोकं वाचवलं.

मी त्यातले लांबलचक शब्द वेचून काढले. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे उदार मनाचा. 'पुसिलॅनिमस' म्हणजे भित्रा. हे दोन्ही मी आमच्या म्हशीला म्हणून दाखवले. ती दोन्ही वेळा सारखीच रवंथ करत राहिली.

"काऊन बे, म्हशीले शिव्या देऊन राहिला का?" दादा गोठ्यातून ओरडला.

"अभ्यास आहे दादा, परीक्षेचा."

"मंग तिलेच पाठव गोंदियाले. तू राहा घरी. कापनीले मानूस लागते."

दसरा आठवड्यावर आला तेव्हा मी फुशारकीनं बाबूला माझे लांब शब्द ऐकवले. त्यानं कपाळाला हात लावला.

"भैया, ये सब तो हर कोई रट के आता है. साहब छोटे शब्द पूछता है. जो तुम समझते हो कि आता है, वही. फिर पूछता है, और क्या मतलब?" त्यानं फलाटावरून खाली बोट दाखवलं. "पटरी के नीचे क्या है?"

"लाकडं."

"सालेकसा के जंगल की लकड़ी. उसको बोलते हैं स्लीपर. तुम क्या बोलते? सोने वाला!" आणि पोट धरून हसला. समोर मालगाडी उभी होती. तिच्या इंजिनामागच्या कोळशाच्या डब्याला 'टेंडर' म्हणतात, हेही त्यानं त्याच दमात सांगितलं. मी आजवर टेंडर म्हणजे कोवळं समजत आलो होतो.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. लांब शब्द परके होते, ते येत नसले तरी लाज वाटत नव्हती. पण हे लहान शब्द लहानपणापासूनचे. रोज रामराम करणाऱ्या शेजाऱ्याचा दुसऱ्या गावात दुसरा संसार आहे असं कळावं, तसं मला प्रत्येक शब्दाचं होऊ लागलं. 'बार्क' म्हणजे भुंकणं, तसं झाडाची सालही. 'क्रेन' म्हणजे बोडीच्या, गावतळ्याच्या, काठचा सारस. तोच मालगाडीच्या वाघिणी उचलणारं यंत्रही. ज्या 'पेन'नं मी मॅट्रिक झालो, तो ढोरांचा कोंडवाडाही निघाला. आता कोणावर भरवसा ठेवायचा? मी डिक्शनरी पहिल्या पानापासून पुन्हा सुरू केली, फक्त लहान शब्दांसाठी. शेवटची अक्षरं उरत होती. त्यांच्यासाठी मी नवमी आणि दसरा हे दोन दिवस राखून ठेवले.

हे मी मायला मात्र विचारलं नव्हतं.

नवमीला सकाळी बोडीवरून आंघोळ करून आलो तर कोनाड्यात डिक्शनरी नाही. देवापुढच्या पाटावर दादाचे विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ धुऊन मांडलेले आणि मधोमध डिक्शनरी. तिला पिवळा दोरा गुंडाळलेला, वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. कुऱ्हाडीचा दांडा तिच्यावर असा टेकलेला, की जणू पहाऱ्यालाच बसवला आहे.

"माय, हे काऊन ठेवलं?"

"नवमी नाही का आज? ज्याच्यावर पोट चालते त्याची पूजा. दादाचा विळा, तुझी डिक्शनरी."

"अगं, पण परवा परीक्षा आहे माझी!"

"म्हनून तं मधात ठेवली."

"मग मी वाचू कसा?"

"दादा विळा चालवून राहिला का आज? उद्या सांजेले पूजा उचलू, मंग वाच."

पाटावर ठेवलेल्या वस्तूला दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज. तो मोडला तर वर्षभर त्या हत्याराला यश नाही. दादा बाजेवर आडवा पडून मजा बघत होता. "तुझं हत्यार आराम करून राहिलं," तो म्हणाला. "तूही कर."

मला आराम कुठला! मी तडक ठेसनावर गेलो. तिथे बाबूनंही टेबलावर हिरवी-लाल निशाणं आणि हातबत्ती मांडून त्यांच्यावर फूल वाहिलं होतं. तेवढ्यात गाडी आली. बाबूनं निशाणाला हात जोडले, ते उचललं, गाडीला दाखवलं, परत ठेवलं, पुन्हा हात जोडले.

"गाड़ी को क्या बोलूँ, नवमी है?" तो म्हणाला. "तुम भी माफी माँगो और उठा लो."

माफी मागायची तयारी करत घरी आलो. माय पाटाशेजारीच भाजी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "हात लावू नोको."

तो दिवस मी ओसरीपासून गोठ्यापर्यंत चालत काढला. न वाचलेले शब्द बंद पुस्तकात एकमेकांना कोपरानं ढोसत मला हसत आहेत असं वाटायचं. पाटाजवळून जाताना मी नजरेनंच कडेची पानं मोजायचा प्रयत्न करी. माय पदरानं दिव्याला आडोसा करी, कारण माझ्या फेऱ्यांनी ज्योत हलत होती.

दसऱ्याच्या दुपारी दादा गावातल्या सगळ्यांबरोबर सीमोल्लंघनाला गेला. घरात मी आणि माय. माझ्या फेऱ्या चालूच.

"बस ना," माय म्हणाली.

"बसतो," म्हणालो आणि चालत राहिलो.

"पास झाला तं कुठं टाकतीन तुले?"

"कुठेही. रायपूर, बिलासपूर, त्याच्याही पलीकडे."

"म्हंजे आमगावले नाही."

"आमगावला एक छोटा बाबू आहे ना आधीच."

तिनं दिव्याची वात पुढे सारली. मग पाटाकडे बघत म्हणाली, "पूजेसाठी ठेवली, हे खरं हाय. पन दुसरंही खरं हाय. दोन दिवस नाही वाचलं तं नापास होशीन, घरीच राहशीन, असं मनात आलं. देवापुढं बसून असं आलं माह्या मनात."

माझे पाय तेव्हा थांबले असावेत. तिनं कुऱ्हाड बाजूला केली, दोऱ्याची गाठ सोडली, फूल उचलून देवाला वाहिलं आणि डिक्शनरी माझ्या हातात ठेवली.

"घे. देवाले मी पाहून घेतो."

आता गंमत बघा. दोन दिवस ज्याच्यासाठी तडफडलो ते हातात आलं आणि मला एक ओळ वाचता येईना. अक्षरं दिसत, डोक्यात शिरत नसत. डोळे पानावर आणि लक्ष मायच्या हातांकडे. ती सोडलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली होती.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "मलेही आयकू दे, काय हाय त्याच्यात असं."

मी वाचायला लागलो. "'स्प्रिंग'. म्हणजे वसंत ऋतू. म्हणजे झरा. म्हणजे उडी. म्हणजे घड्याळातली कमान."

"एवढ्याशा शब्दाले एवढी घरं?"

"हो."

"मंग हा आपल्या घरी राहते कधी?"

मी पुढचा शब्द घेतला. ती प्रत्येक शब्दाचा न्याय करत होती. हा बरा दिसते, हा लबाड हाय, ह्याले सोड, हा कामाचा नाही. अशी शिकवणी मला शाळेत कधी मिळाली नव्हती. बाहेर लोकांचा गलका ऐकू आला तसा तिनं घाईघाईनं दोरा गुंडाळला, फूल वर ठेवलं, कुऱ्हाड टेकवली. दादा आत येऊन मायच्या पाया पडला, आम्हाला सोनं दिलं. मग तिनं रीतसर पूजा उचलली.

"उठलं का तुझं हत्यार?" दादानं विचारलं.

"उठलं," मी म्हणालो. माय चुलीकडे वळली होती.

गोंदियाला साहेबानं 'फेअर' विचारला. मी गोरा सांगितला, न्यायाचा सांगितला, जत्राही सांगितली. मग आणखी काही विचारलं, त्यातलं अर्धं आलं, अर्धं नाही. शेवटी तो म्हणाला, पाय हलवणं बंद कर, दौत सांडेल. निवड झाली ती शब्दांमुळे की दौत वाचवायला मला लवकर बाहेर काढायचं होतं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. बिलासपूरच्या पलीकडचं एक आडगावचं ठेसन मिळालं. माय एवढंच म्हणाली, "कापनी होऊ देतीन का ते?" त्यांनी होऊ दिली नाही; त्याआधीच हजर व्हायचा हुकूम आला.

पुढच्या नवमीला कशीबशी रजा मिळवून घरी आलो. त्याच संध्याकाळच्या गाडीनं परत फिरायचं होतं. आंघोळ करून आलो, तर खुंटीवर माझी टोपी नाही. रेल्वेची काळी टोपी, पितळी बिल्ल्याची. तिच्याशिवाय कामावर उभं राहता येत नसे. ती पाटावर होती, विळ्यांच्या मधात, बिल्ल्यावर कुंकू, भोवती पिवळा दोरा.

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागितली असती तर तिनं दिली असती. एकदा डिक्शनरी दिलेलीच होती. दिवस कलला. ठेसनाकडून शिट्टी आली, गाडी आली, उभी राहिली आणि गेली.

"गेली ना बे तुझी गाडी?" दादा म्हणाला. "आता काय करशीन?"

"काय करणार? हत्यार पूजेत आहे," मी म्हणालो आणि पाटाशेजारी भिंतीला टेकून बसलो.

माय दिव्यात तेल घालत होती. "बसला तं बस," ती म्हणाली, "पन मांडी हलवू नोको. दिवा विझन."