माजिवड्यानंतरची शेवंती

मी कॉलेजात होते तेव्हा शेवंती ठाण्यात आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत मासे घेऊन यायची. चेंदणी कोळीवाड्यातली, पस्तिशीची, आवाज मोठा आणि हात सढळ. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ जनी असायची. शेवंती विकायची, जनी मासे साफ करून द्यायची. जनी फारसं बोलत नसे. तिचं एक पापलेट साफ होईपर्यंत शेवंतीनं तीन बायकांच्या घरची खबर घेतलेली असे. माझी आई उत्तरा प्रधान म्हणजे त्यांचं पहिलं दार. बोंबील आजचे की कालचे यावरून दोघींचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

१९८७च्या जानेवारीत एका सकाळी त्या दोघी आल्या नाहीत. दुपारी कळलं की माजिवड्याच्या नाक्यावर अपघात झाला.

कोळीवाड्यातल्या परशुरामकडे एक जुनी अँबेसिडर होती. टपावर पाट्या बांधून पाच जणी रोज तिच्यातून निघत. आधी माजिवड्याला हौसाबाई उतरायची, मग गाडी वर्तकनगरकडे वळायची. त्या दिवशी हौसाबाई उतरली, गाडी पुन्हा हलली आणि हायवेवरून आलेल्या ट्रकचे ब्रेक लागले नाहीत. ट्रक मागच्या दारावर आदळला. दाराशी जनी होती, ती जागच्या जागी गेली. परशुरामची मांडी मोडली. बाकी दोघींना मुका मार बसला. शेवंती जनीला खेटून मधे बसली होती. तिच्या कपाळाला तीन टाके पडले, बाकी काही नाही. सगळा कोळीवाडा म्हणाला, आई एकवीरेनं राखली.

महिनाभरानं शेवंती परत आली ती चालत. चेंदणीपासून वर्तकनगरपर्यंत, डोक्यावर पाटी घेऊन. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, परशुरामची गाडी नाही म्हणून असेल. पण ती रिक्षातही बसेना, बसमध्येही चढेना. मागून हॉर्न वाजला की रस्त्याच्या कडेला जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहायची. सात वाजता येणारी शेवंती दहा वाजता येऊ लागली. तोवर मासे मऊ पडत आणि बायका दुसरीकडून घेऊन मोकळ्या होत. आई मात्र थांबायची. शेवंतीचा आवाज गेला होता. आई बोंबलांना नावं ठेवायची आणि ती नुसती मान हलवायची.

घरी काय चाललं होतं ते आम्हाला नंतर कळलं. मासळीबाजारात सकाळी बर्फाच्या लाद्या फोडतात. तो आवाज तिला काच फुटल्यासारखा ऐकू येई, आणि ती पाटी टाकून बाजाराबाहेर पळे. झोप लागली की ट्रकचं चाक दिसे. जनीचा चेहरा आठवायला जावं तर आठवत नसे, फक्त हिरव्या बांगड्यांचा हात दिसे. नवरा गणू शांत माणूस, पण त्यानं पाठीवर हात ठेवला तरी ती त्याच्यावर ओरडे. मग घरच्यांनी भगत आणला. भगत म्हणाला, जनी हिला सोडत नाही. नारळ झाला, कोंबडा झाला. त्यानंतर शेवंतीचं खाणंच तुटलं. जनीचा आपल्यावर राग आहे हे तिला आधीपासून वाटत होतंच, आता भगतानंही तेच सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये एका सकाळी ती आमच्या दारात पापलेट कापत होती. जिन्यावरून कुणाच्या तरी हातातली दुधाची बाटली निसटली आणि खाली फुटली. मी वळून पाहिलं तर शेवंती जागेवर नव्हती. ती जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जुन्या सायकलींच्या मागे, दोन्ही हातांनी डोकं झाकून बसली होती. तोंडातून आवाज नव्हता, दात मात्र वाजत होते. आई तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसली. तिनं शेवंतीला हात लावला नाही. मला म्हणाली, दार लोटून घे आणि चहा टाक. अर्ध्या तासानं शेवंती बोलली.

"बाय, मना काय झायलंय ता मना बी कलत नाय."

माझे भाऊमामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, डोंबिवलीत मनाच्या आजारांचे डॉक्टर होते. दर रविवारी दुपारी ते आपल्या फियाटमधून आमच्याकडे जेवायला येत. आईनं शेवंतीला त्यांना भेटायला सांगितलं, तर ती लगेच उठून उभी राहिली. कुणाचं डोकं फिरलं की "याला ठाण्याला पाठवा" असं साऱ्या महाराष्ट्रात म्हणतात. शेवंती तर ठाण्यातच जन्मली होती. ती म्हणाली, कोळीवाड्यात कळलं तर मला येडी म्हणतील आणि उद्या माझ्या पोरींना कुणी करून घेणार नाही. आईनं वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, रविवारी सुरमई घेऊन ये, भाऊला आवडते.

शेवंती सुरमई घेऊन आली. मामांनी तिला खुर्चीवर बसायला सांगितलं, पण ती खालीच बसली, म्हणून तेही खाली बसले. झोप कशी लागते, जेवण कसं जातं, सगळं विचारलं. मग सांगितलं, "शेवंतीबाई, हे वेड नाही आणि भूतही नाही. एवढ्या मोठ्या अपघातातून उठलेल्या पुष्कळ माणसांचं असं होतं. तुमचं मन अजून त्या सकाळीच आहे. पुढचे दिवस गेले, हे त्याला कळलेलं नाही. ते त्याला हळूहळू सांगायचं."

त्यांनी झोपेसाठी थोडं औषध दिलं. पण खरं औषध वेगळंच होतं. दर रविवारी त्या सकाळची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची. मी स्वयंपाकघरात असायचे, आवाज यायचा. दोन रविवार तर ती दहा वाक्यांच्या पुढे गेली नाही. तिसऱ्या रविवारी गोष्ट ट्रकपर्यंत पोचली आणि ती घामानं चिंब झाली. मामांच्या एक लक्षात आलं. गोष्टीतली एक जागा नेहमी सुटायची. पाट्या टपावर चढल्या, आणि एकदम गाडी वाटेतल्या खोपटजवळ. मधलं काहीच नाही. त्यांनी विचारलं, गाडीत बसताना काय झालं?

शेवंती पदराचं टोक पिळू लागली. मग तिनं सांगितलं. रोज दाराशी ती स्वतः बसायची. त्या दिवशी दाढ ठणकत होती, गार वारा सोसत नव्हता. ती जनीला म्हणाली, आज तू दाराशी बस. जनी उतरली, शेवंतीला आत सरकू दिलं आणि तिच्या जागेवर बसली. हे तिनं गणूला सांगितलं नव्हतं, भगतालाही नाही. हौसाबाई पुढे परशुरामच्या शेजारी बसायची, तिच्या ध्यानात आलं नव्हतं. बाकी दोघींनी कधी विषय काढला नव्हता.

मामांनी तिला यात तुझा दोष नाही असं सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "हे कुणाला सांगायला हवं असं तुम्हाला वाटतं?"

"चंदूला," ती म्हणाली. चंदू तिचा दीर, जनीचा नवरा.

चंदूला सांगायला तिला आणखी तीन आठवडे लागले. तो खाडीकाठी जाळं विणत बसला होता, तिथे जाऊन तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. चंदूनं सगळं ऐकून घेतलं, जाळं गुंडाळलं आणि निघून गेला. घर एकच, चूल एकच, पण तो तिच्याशी बोलेना. तिनं वाढलेलं ताट तसंच ठेवून उठे. शेवंती आमच्याकडे आली ती उतरलेल्या चेहऱ्यानं. आईला म्हणाली की होतं ते बरं होतं, उगीच तोंड उघडलं. त्या रविवारी मामांचाही चेहरा पडला होता. त्यांनी आईजवळ कबूल केलं की आपण घाई केली असावी.

श्रावणात, नारळी पुनवेच्या दिवशी, चंदू स्वतः तिच्यासमोर येऊन बसला.

"वहिनी, मी लय विचार केला," तो म्हणाला. "उलटा झाला असता, तर आज जनी तुझ्यासारखी भिंतीला पाठ लावून उभी राहिली असती. तिला मी टाकली असती का?"

शेवंती जनीसाठी पहिल्यांदा मोकळेपणी रडली ती त्या दिवशी, असं ती आम्हाला सांगायची. त्या वेळी तिला जनीचा चेहराही आठवला. जनीच्या पुढच्या दोन दातांत फट होती.

मग गाडीत बसायचा सराव सुरू झाला. रविवारी दुपारी मामांची फियाट कॉलनीच्या आवारात उभी असे. शेवंती आधी नुसती तिच्याजवळ उभी राहिली. मग चारही दारं उघडी ठेवून आत बसली. गॅलरीतून बायका बघत, पोरं जमत, आई त्यांना हाकलून देई. दार लावायला दोन महिने गेले. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते, तिनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. पहिली फेरी कॉलनीभोवतीच मारली, आणि ती उतरून गटाराशी ओकली. त्यानंतर ती सहा आठवडे आलीच नाही. पुन्हा आली तेव्हा मागचं सगळं पुसलं गेलं होतं, म्हणून पुन्हा उघड्या दारांपासून सुरुवात केली. १९८९च्या दिवाळीत ती रिक्षानं आमच्या दारात उतरली आणि आल्याआल्या आईला विचारलं, काल कुणाकडून घेतले बोंबील? आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला.

पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. बाजारात बर्फ फोडू लागले की ती पुढेही कधी तिथे थांबली नाही. माजिवडा आला की डोळे मिटायची, नाका गेल्यावर उघडायची. जानेवारी महिना तिला जड जायचा.

पण तिनं एक गोष्ट सुरू केली, जी तिला कुणी सांगितली नव्हती. परशुरामचं हाड सांधलं होतं, तो लंगडत चालायचा. गाडी त्यानं काढून टाकली होती आणि दिवसभर कोळीवाड्याच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून बसायचा. लोक म्हणत, आळशी झाला. मोठा रस्ता ओलांडायला नको म्हणून तो कोळीवाड्यातल्या देवळामागून लांबचा फेरा घेतो, हे फक्त शेवंतीनं पाहिलं. तिनं त्याला हाताला धरून आमच्याकडे आणलं. मामांसमोर बसवून म्हणाली, "याला बी तेच हाय. याला वाटतं, गाडी यानंच ठोकली."

परशुराम पुन्हा कधी गाडी चालवायला बसला नाही, पण माणसांत आला. पुढे चंदूबरोबर होडीवर जाऊ लागला. त्याच्यानंतर शेवंतीनं आणखी कितीतरी जणांना आणलं. कुठं अपघात झाल्याचं कानावर आलं की ती त्या घरी जाई. ज्याचा हात-पाय मोडला त्याच्याभोवती माणसं असतच. ती विचारायची, "गाडीत आणखी कोण व्हता?" आणि ज्याला काही लागलं नाही त्याच्यापाशी जाऊन बसायची.

१९९६ साली परशुरामच्या मुलीचं लग्न डोंबिवलीत होतं. वऱ्हाडाच्या दोन गाड्या होत्या आणि आमच्या गाडीत शेवंती पुढे बसली होती. शीळफाट्याच्या अलीकडे वाहतूक तुंबली. रस्त्याच्या कडेला एक मारुती उलटून पडली होती, जखमींना आधीच नेलं होतं. मैलाच्या दगडावर एक चांगल्या घरातली बाई बसली होती, साडीला मातीसुद्धा लागलेली नव्हती. मांडीवर कुणाची तरी चप्पल घेऊन ती समोर बघत होती. शेवंतीनं गाडी थांबवायला लावली. आम्ही म्हटलं, मुहूर्त टळेल. ती म्हणाली, तुम्ही पुढं व्हा, आणि उतरली.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, तरी तिचा पत्ता नव्हता. चार वाजता ती मांडवात शिरली, पायांवर धूळ, केसांतली वेणी सुकलेली. त्या बाईचा भाऊ येईपर्यंत ती तिच्याजवळ थांबली होती आणि मामांचा पत्ता देऊन आली होती. वधूपित्याच्या फेट्यात परशुराम लंगडत पुढे आला. उशीर का झाला असं त्यानं विचारलं नाही. त्यानं तिच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट आणलं, आणि ती जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिला.