आमच्या पोरांच्या औषधाची परीक्षा

दर पंधरा दिवसांनी एकाच वॉर्डात चार आया बसवा, त्यांच्या पोरांना सलाईन लावा आणि बघा! रडून झालं की मागे उरतात ते किस्सेच.

माझी परी सहा वर्षांची. तिचा आजार इतका दुर्मिळ, की मुरबाडच्या डॉक्टरांनी आधी पुस्तक उघडलं. औषध भयंकर महाग. ते सरकारकडून वर्षभर मिळणार, मग एवढ्या खर्चाचा पोरांना फायदा किती झाला ते मोजून त्यांची कमिटी ठरवणार, पुढे द्यायचं की नाय. औषध चालू राहिलं, हे आधीच सांगून टाकते. मलाच धीर धरवत नाय!

*

फायदा मोजायला फॉर्म असायचा. तो भरून घ्यायला एक मॅडम यायच्या. आम्हा चौघींतल्या किन्हवलीच्या संगीताला त्यांनी विचारलं, "मुलगा रोजची कामं स्वतः करतो का?"

"कामं? अवो मॅडम, त्याचा बाप तरी कुठं करतो!"

*

एकदा माझ्या सासूबाई सोबत होत्या. मॅडम म्हणाल्या, "समजा, आजारपणातली दहा वर्षं किंवा ठणठणीत सात वर्षं. काय घ्याल?"

म्हसा गावच्या जत्रेत बैलांचे सौदे केलेली बाई ती! पदर खोचून म्हणाली, "ठणठणीत धा द्या. नायतर आमी चाललो!"

*

सगळ्यात मोठा घोळ आम्हीच केला. "तब्येतीला शंभरापैकी किती?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "तीस." संगीता म्हणाली, "पंचवीस." पोरं पलंगाभोवती पकडापकडी खेळतायत आणि आया म्हणतायत, बरं नाय! मॅडम रडकुंडीला आल्या. "अहो, अशानं औषध नापास होईल!"

 पण लेकरू बरं आहे, असं आईनं तोंडानं कसं म्हणायचं? नजर लागते!

शेवटी संगीतानं पर्समधून काजळाची डबी काढली. चारही पोरांच्या गालाला तीट लावली. मॅडमच्याही! मग म्हणाली, "आता लिवा. नव्वद!"

*

शेवटची टेस्ट चालण्याची. दवाखान्याच्या व्हरांड्यात सहा मिनिटं. कमिटीकडून आलेले एक वयस्कर साहेब घड्याळ घेऊन परीच्या बाजूनं चालत होते. आदल्या वर्षी, औषधाआधी, ती दुसऱ्याच फेरीला भिंतीला टेकून बसली होती. मी खांबामागे उभी, बघवत नव्हतं.

घड्याळ वाजलं. साहेब घाम पुसत म्हणाले, "झालं बाळ, थांब आता."

परीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाय. "तुमी दमला असाल तर बसा, आजोबा. मी चाललेय अजून!"