हुंगे सर आणि गुलाबी औषध

वनस्पतिशास्त्राचे सर कोणाच्याही संत्र्याच्या बागेत शिरले, की आधी ओणवे होत, बुंध्याजवळची माती उकरत आणि कुजलेले मूळ नाकाशी धरत. शिळ्या ताकात ओले चामडे भिजत घातल्यासारखा तो दर्प माझ्या घशाशी येई. सर मात्र डोळे मिटून हुंगत. आमच्या कारंजा गावाने त्यांना 'हुंगे सर' करून टाकले होते. त्यांच्याच महाविद्यालयात मी मराठी शिकवीत असे.

त्या घाणीतून ते जे वर काढीत, ते मला कवितेहून नाजूक वाटे. "झाडाले मुकं समजू नका, बाई," ते म्हणत. रोग सालीला शिवताच पेशीतल्या एका प्रथिनावर फॉस्फेटचा कणभर तुकडा चिकटतो. तेवढ्याने ते जागे होते, पुढच्याला जागवते, आणि सारे झाड लढायला उभे राहते. पण बुंध्याशी पाणी साचू द्यायचे नाही, सालीतून पाझरणारा डिंक खरवडून मोरचूद-चुन्याचे बोर्डो मलम लावायचे, हेही ते दरवेळी बजावीत. शेतकऱ्यांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. सरांची कमाई तेवढीच.

माझ्या दादाच्या बागेत डिंक्या रोग शिरला, तेव्हा धुऱ्यावर, बागेच्या बांधावर बसून सरांनी हे सगळे सांगितले. ऐकणाऱ्यांत दादाशेजारी मी होते, तसा कृषी केंद्राचा मालकही होता. पंधरवड्यात त्याच्या दुकानात 'प्रथिने जागवणारे' गुलाबी औषध आले. खरवडण्याचा कंटाळा असलेल्या दादाने ते पाण्यात मिसळून भर श्रावणात बादल्यांनी बुंध्याशी ओतले. सर आले तेव्हा साल बोटाला चिकटून निघत होती आणि खाली तपकिरी, लिबलिबीत लगदा होता.

सरांनी बाटली हुंगली आणि तोंड फिरवून थुंकले. "आंबलेलं गुळाचं पाणी व्हय हे."

दुकानदार हसला. "सर, तुमचंच तर सांगणं हाय. आम्ही फक्त बाटलीत भरलं."

त्या ओशट हसण्याची मला शिसारी आली.

मग सर औषध ओतलेल्या प्रत्येक बागेत गेले. "गोष्ट म्या रंगवून सांगितली, काम मांगं राह्यलं. चूक माही हाय," असे स्वतःच म्हणत. दादाने त्यांनाच सुनावले, "पाणी साचू देऊ नका, हे आधी काऊन नाई सांगितलं?" ते धडधडीत खोटे होते. मी शेजारी उभी होते, गप्प राहिले.

बांधाकडची सगळी ओळ तोडावी लागली. गावात मात्र दादाचेच म्हणणे पसरले, आणि सरांना बागेत बोलावणे थांबले. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते आपल्या गावी, रोहण्याला गेले. निरोपाचे भाषण माझ्याकडे होते. मातीचा गंध, मुळांचे मौन, सगळे मी त्यात ओवले. सरांनी दादाला त्या दिवशी धुऱ्यावर सगळे सांगितले होते, हे एक साधे वाक्य तेवढे त्यात नव्हते. दादा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवीत होता.