पोलादी बेल हाउसिंग आणि माझे मेहुणे

परमेश्वराने हे जग फार घाईत घडवले आणि म्हणून ते सगळीकडे सूत-दोन सूत आऊट राहिले, असे माझ्या थोरल्या मेहुण्यांचे ठाम मत आहे. हे आऊटपण जमेल तिथे दुरुस्त करत ते पाथरीत राहतात. ट्रॅक्टर आणि जीपगाड्यांचे क्लच-गिअर उतरवणे हा त्यांचा धंदा. पण गॅरेज उघडे असो की बंद, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी फटी मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा असायचाच. परभणीला आमच्या घरी जेवायला आले की आधी टेबल हलवून बघत, मग त्याच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवत, आणि मगच वरणाकडे वळत. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा हे दहा मिनिटे कुठे दिसेनात. शोधले तर पाहुण्यांच्या गाडीखाली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी आडवे. बाहेर येऊन होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायलंय. सांगा त्येला." लग्न जमले. जावई मात्र अजूनही सासऱ्यांसमोर गाडी चालवत नाही.

या गृहस्थांनी गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली अकरा वर्षे एक गाडी बांधली. सांगाडा जुन्या जीपचा, इंजिन भंगारातून आणलेले सहा सिलिंडरचे, गिअरबॉक्स तिसऱ्याच गाडीचा. छत्रपती संभाजीनगरकडे एका मैदानावर सरळ रेषेत वेगाने पळायच्या गाड्यांची शर्यत भरते. तिथे एकदा उतरायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. सबंध सासरवाडीला हा चेष्टेचा विषय आणि त्या चेष्टेचा मुख्य कंत्राटदार मी. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझ्या कुचेष्टेला शास्त्राचा आधार आहे असे लोकांना वाटे.

बेल हाउसिंगच्या वेळी तर मी फारच रंगात आलो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे एक कवच असते, तीच बेल हाउसिंग. त्याच्या पोटात फ्लायव्हीलचे जड चाक आणि क्लच गरगर फिरतात. हे कवच ॲल्युमिनियमचे, हलके, भंगारात सहज मिळत होते. मेहुण्यांनी मात्र पुण्याच्या एका कारागिराकडून जाड पोलादी पत्र्याचे मुद्दाम करवून घेतले. ते एस.टी.ने आले आणि स्टँडवरून दोन माणसांनी उचलून आणले.

"दाजी, गाडी लय जोरात फिरली अन् फ्लायव्हील फुटलं, तर ॲल्युमिनियम कागदावानी फाटतंय. आतलं तुकडं सरळ मांड्यात घुसतेत. पोलाद आडवतंय," त्यांनी मला समजावले.

मी एका बारशाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, "मेहुणे गाडी नाही, तिजोरी बांधतायत." पंगत हसली. मेहुणेही हसले, जरा उशिराने.

मग ती हाउसिंग इंजिनवर बसवणे सुरू झाले. इंजिनच्या दांड्यावर डायल गेज, म्हणजे काट्याचे बारीक मापयंत्र, लावायचा, त्याचे टोक हाउसिंगच्या मधल्या भोकाच्या कडेला टेकवायचे आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे. काटा हलला, की भोक मध्यावर नाही. मग हाउसिंग उतरवायची, तिला जागेवर धरणाऱ्या पिना बदलायच्या, पुन्हा चढवायची. केसाइतका फरक राहिला तरी गिअरबॉक्सचा दांडा वाकडा ओढला जातो, असे ते म्हणत. लेथवर त्यांनी किंचित तिरक्या पिना चार वेळा कातून घेतल्या. या चढउतारात शर्यतीची तारीख निघून गेली. मी रजा टाकून बसलो होतो, म्हणून चिडलो आणि तोंडाला येईल ते बोललो.

"तुम्हाला शर्यतीत उतरायचंच नाही. तुम्हाला जन्मभर नुसतं मापत बसायचंय."

त्यांनी फडक्याने गेज पुसून डबीत ठेवला, इतकेच.

आठवड्याने काटा स्थिर झाला. आता जुने बिडाचे, ठिसूळ फ्लायव्हील काढून पोलादी घालायचे त्यांच्या मनात होते. मी म्हटले, "एकदा चालवून तर दाखवा." माझे बोलणे त्यांना लागले असावे, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, "ठीक हाय. तेवढं मागून बदलू."

त्या रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात, मालकाला विचारून, आम्ही गाडी नेली. मी तिच्यात बसणार नाही असे बायकोला वचन दिले होते, आणि मी बसलो. दोनदा गाडी अशी धावली की मी चेष्टा विसरलो. मेहुण्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखे काहीतरी होते. तिसऱ्या वेळी पायाशी स्फोट झाल्यासारखा आवाज आला आणि सगळे थांबले. उतरून त्यांनी मधला पत्रा उचलला. पोलादी हाउसिंगला डावीकडे, माझ्या गुडघ्याच्या बरोबर समोर, मुठीएवढा फुगवटा आला होता. ती फाटली मात्र नव्हती. आत फ्लायव्हीलचे तीन तुकडे खडखडत होते.

त्या फुगवट्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुमच्या अंगावर आलतं, दाजी."

घरी मी एवढेच सांगितले की मेहुण्यांची गाडी पहिल्याच दिवशी फुटली. मी आत होतो, हे सांगितले असते तर वचन मोडल्याचे सांगावे लागले असते. घाई माझी होती, हेही सांगावे लागले असते. सासरवाडीने तात्पर्य काढले की अकरा वर्षे मापूनही यांना जोडता आले नाही. बायकोने भावाला गळ घातली, आता हा नाद सोड. मेहुण्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी खाली पाहिले. "बरं," ते म्हणाले. त्या वर्षात इंजिन विकले गेले, गिअरबॉक्स गेला, सांगाडाही गेला, आणि पत्र्याखाली कुणाची तरी सोयाबीनची पोती येऊन पडली.

मला खरे बोलायला नऊ वर्षे लागली. गेल्या दिवाळीत बायकोला सगळे सांगितले. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "आणि दादानं हे सगळं ऐकून घेतलं?" दुसऱ्या दिवशी आम्ही पाथरीला गेलो. तिने भावाला विचारले, मला का नाही सांगितलंस? तर ते म्हणाले, "तू ह्यांना बोलली असतीस. तुमच्या घरात कशाला कटकट?"

मी म्हणालो, "दादा, चूक माझी होती. तुमची हाउसिंग होती म्हणून मी आज उभा आहे."

"ते मला ठाव हाय की," ते म्हणाले. "तुमाला ठाव हाय का न्हाई, ते कळत नव्हतं."

"पुन्हा बांध गाडी," बायको म्हणाली. "मी आडवी येणार नाही."

ते हसले. "आता वाकलं की कंबर धरायलीय, सुनंदा. अन् बारीक रेघा दिसत न्हाईत."

निघताना ते आम्हाला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. रस्ता नुकताच सिमेंटचा झाला होता. दुपारची वेळ, दूरवर एकही वाहन नव्हते. कमरेवर हात ठेवून ते त्या रस्त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"सरळ केलाय," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावा सावकाश."